गेटाचं चुकलं काय? : ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ दुसऱ्यांदा पाहताना

२०१० साली मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि आमच्या होस्टेलवर एक हार्ड डिस्क या खोलीतून त्या खोलीत फिरत असे. तिच्यात ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’चे चारही सीझन होते. मी आणि माझ्या रूम पार्टनरने ते ऐन सबमिशनच्या महिन्यात संपवले. शेवटाकडे एक एपिसोड आहे, त्यात फेलिक्स गेटा नावाच्या अधिकाऱ्याला बंड केल्याबद्दल गोळ्या घातल्या जातात. तेव्हा मी चक्क टाळी वाजवली होती. रूम पार्टनरने वाजवली नाही. तो म्हणाला, “पण त्याचं चुकलं काय?” मग मी त्याला गेटाचं काय चुकलं ते अर्धा तास सांगत बसलो.

गेल्या पावसाळ्यात मी ही मालिका पुन्हा पाहिली. या वेळी एकट्याने, फोनवर, बरीचशी लोकलमध्ये. त्याच एपिसोडपर्यंत आलो आणि शेवट झाल्यावर फोन पालथा करून नुसता बसून राहिलो. मधल्या काळात मालिकेत अर्थातच काही बदललं नव्हतं. मग त्या टाळीचं काय झालं, याचा हा शोध आहे. मालिका संपून पंधराहून जास्त वर्षं झाली, तेव्हा स्पॉयलरबद्दल माफी मागत नाही.

ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. याच नावाची मूळ मालिका १९७८ची. ती रोनाल्ड मूरने २००३ साली मिनी-सिरीजच्या रूपात नव्याने मांडली, आणि पुढे २००९पर्यंत चार सीझन चालले. माणसांनी बनवलेले सायलॉन नावाचे यंत्रमानव एके दिवशी परत येतात आणि माणसांचे बारा ग्रह अणुबॉम्बने बेचिराख करतात. सगळ्या मानवजातीपैकी पन्नासेक हजार लोक काही जहाजांत उरतात. त्यांच्या राखणीला एकच जुनाट युद्धनौका, गॅलॅक्टिका. तिचा प्रमुख अडामा. शिक्षणमंत्री असलेली लॉरा रोझलिन ही वारसाक्रमात त्रेचाळिसावी, पण वरचे बेचाळीस मेल्यामुळे राष्ट्राध्यक्ष होते. आणि गोम अशी की काही सायलॉन आता हुबेहूब माणसांसारखे दिसतात. शेजारचा माणूस सायलॉन असू शकतो. काहींना तर स्वतःलाही ते ठाऊक नसतं.

होस्टेलवर आम्हाला वेड लावलं ते या शेवटच्या गोष्टीने. कोण सायलॉन, यावर पैजा लागायच्या. शिवाय शीर्षकगीतात गायत्री मंत्र आहे, याचा आम्हाला कोण अभिमान! जो भेटेल त्याला ते ऐकवायचं. या वेळी दुसऱ्या एपिसोडलाच माझा अंगठा ‘स्किप इंट्रो’वर गेला.

रहस्य मेल्यावर काय उरतं?

दुसऱ्यांदा पाहताना रहस्य मेलेलं असतं. कोण सायलॉन ते माहीत आहे, कोण मरणार ते माहीत आहे. अशा वेळी मालिकेचे सांधे दिसू लागतात, आणि या मालिकेचे तर फारच दिसतात. सुरुवातीच्या पाटीवर ठणकावून सांगितलेलं असतं की सायलॉनांकडे एक योजना आहे. तशी काही योजना लेखकांकडे नव्हती, हे पुढे करणाऱ्यांनीच कबूल केलं. ‘फायनल फाइव्ह’, म्हणजे शेवटपर्यंत लपलेले पाच सायलॉन कोण, हेही मालिका अर्धीअधिक झाल्यावर ठरलं. पहिल्या खेपेला ज्याला मी अफाट प्लॅनिंग समजत होतो ती बरीचशी रात्र काढून केलेली असाइनमेंट होती.

पण गंमत अशी की या गोंधळाचा काही ठिकाणी फायदाच झालाय. कर्नल टाय हा अडामाचा जुना मित्र. शत्रूच्या ताब्यातल्या वस्तीत त्याची बायको एलन त्याला सोडवण्यासाठी सायलॉनांना माहिती देते. हे उघड झाल्यावर टाय तिला विष घातलेला पेला देतो. पुढे कळतं की दोघंही सायलॉन आहेत आणि एलन नव्या शरीरात परत येते. म्हणजे हिशेबाने या प्रसंगाचं वजन दुसऱ्या खेपेला शून्य व्हायला हवं. तसं अजिबात होत नाही. लेखकांना माहीत नव्हतं, म्हणून मायकल होगन आणि केट व्हर्नन या नटांनाही माहीत नव्हतं. ते दोघं फक्त एक म्हातारं होत चाललेलं, दारूवर आणि भांडणांवर टिकलेलं जोडपं उभं करतात. सगळं आधीच ठरलं असतं तर कुणीतरी डोळा मारला असता, आणि मग तो प्रसंग आज पाहवला नसता.

‘थर्टी थ्री’ हा पहिल्या सीझनचा पहिला एपिसोडही असाच टिकून आहे. दर तेहेतीस मिनिटांनी सायलॉन येतात, दर तेहेतीस मिनिटांनी ताफा उडी मारून पळतो. पाच दिवसांहून जास्त काळ कुणी झोपलेलं नाही. होस्टेलवर तो थरार होता. मधल्या वर्षांत मी प्रॉडक्शन सपोर्टच्या रात्रपाळ्या केल्या, रात्री तीनला फोन वाजला की हात कसा थरथरतो ते शिकलो. आता त्यात थरार कमी आणि चेहरे जास्त दिसले. कुणी चिडून ओरडतं, कुणी वाक्य अर्धवट सोडतं. शेवटी एक प्रवासी जहाज शत्रूने गाठलंय असा संशय येतो आणि ते आपल्याच विमानांनी पाडावं लागतं. त्यावर १,३४५ माणसं असतात, निदान कागदावर तरी. आत खरोखर कुणी होतं का, हे मालिका छातीठोकपणे सांगत नाही. रोझलिन फळ्यावरचा वाचलेल्यांचा आकडा बदलते. मग एक बाळ जन्मल्याची बातमी येते आणि ती त्यात एक मिळवते : ४७,९७३. या एपिसोडला २००५ साली ह्यूगो पुरस्कार मिळाला. पुरस्कार विसरा, तो फळा लक्षात ठेवा. हे आकडे मोजण्याचं, घड्याळ लावण्याचं, उडीची गणितं जुळवण्याचं काम या जहाजावर ज्यांच्याकडे असतं, त्यांतला एक म्हणजे गेटा.

कोपऱ्यातला माणूस

पहिल्या खेपेला गेटा मला दिसलाच नव्हता. नियंत्रण कक्षात मागे उभा राहून रीडिंग सांगणारा एक सभ्य माणूस, एवढंच. अलेसांद्रो जुलियानी हा नट त्याला इतका साधा ठेवतो की नजर त्याच्यावरून घसरून अडामावर किंवा स्टारबकवर जाते. दुसऱ्या खेपेला त्याच्यावर नजर ठेवून पाहिलं तर एक वेगळीच मालिका दिसते.

दुसऱ्या सीझनच्या शेवटी निवडणूक होते. रोझलिन हरणार असं दिसल्यावर तिची माणसं मतांची अफरातफर करतात. टायही त्यात असतो. ही गडबड गेटाच्या लक्षात येते आणि तो वर कळवतो. रोझलिनला माघार घ्यावी लागते, बाल्टर हा बेभरवशाचा शास्त्रज्ञ राष्ट्राध्यक्ष होतो, तो सगळ्यांना न्यू कॅप्रिका नावाच्या ग्रहावर उतरवतो आणि वर्षभराने सायलॉन येऊन तो ग्रह काबीज करतात. म्हणजे एका माणसाने प्रामाणिकपणे मतं मोजली आणि सगळे गुलाम झाले. अफरातफर करणाऱ्यांवर काही कारवाई? नाही.

न्यू कॅप्रिकाचे एपिसोड २००६च्या ऑक्टोबरात आले, इराक युद्ध ऐन भरात असताना. त्यात ‘आपली’ माणसं आत्मघाती हल्ले करतात आणि परकं सैन्य रस्त्यांवर फिरतं. अमेरिकन टीव्हीवर हे दाखवायला धाडस लागत होतं आणि त्याचं कौतुक भरपूर झालंय. मी गेटाकडे पाहत होतो. तो बाल्टरच्या कचेरीत काम करत राहतो आणि आतली माहिती गुपचूप बंडखोरांना पोचवतो. कुत्र्याचं भांडं ही त्यांची खूण. माहिती कोण देतं ते बंडखोरांनाही ठाऊक नसतं. सुटका झाल्यावर ‘द सर्कल’ नावाचं गुप्त मंडळ फितुरांना शोधून अंतराळात फेकायला लागतं. त्यात टाय असतो, टिरॉल असतो, पुढे स्टारबक असते. गेटाला गुडघ्यावर बसवलं जातं. तो गयावया करत नाही. शेवटच्या क्षणी त्या भांड्याचा उल्लेख येतो, टिरॉलची ट्यूब पेटते आणि गेटा वाचतो. नंतर सर्वांना सरसकट माफी मिळते. ज्यांनी त्याला मारायला नेलं होतं, त्यांच्याबरोबर तो दुसऱ्या दिवशी पुन्हा ड्यूटीवर उभा.

एवढ्यावर थांबलं असतं तर गेटा संत झाला असता आणि मला त्याचा कंटाळा आला असता. पण तो संत नाही. बाल्टरच्या खटल्यात तो शपथेवर धडधडीत खोटं बोलतो. मृत्यूच्या यादीवर बाल्टरने सही केली ती डोक्याला पिस्तूल लागल्यावर. गेटा सांगतो की त्याने बेलाशक केली. आणि ‘द फेस ऑफ द एनिमी’ ही वेबवर आलेल्या छोट्या भागांची मालिका तर त्याला पारच उघडा पाडते. न्यू कॅप्रिकावर त्याने एका सायलॉन बाईला कैद्यांच्या नावांची यादी दिलेली असते. का, तर ती त्यांना सोडवेल म्हणून. ती त्याच यादीचा वापर करून माणसं संपवते. प्रसंग असा लिहिलाय की आपल्यालाच प्रश्न पडतो : याला खरंच माहीत नव्हतं, की माहीत करून घ्यायचं नव्हतं?

घरची आणि कामावरची

इथे मला थांबावं लागलं, त्याचं कारण सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या कंपनीत ‘रिस्ट्रक्चरिंग’ झालं. माझ्याकडून माझ्या टीमची क्रमवार यादी मागवली. कशासाठी ते कुणी बोललं नाही आणि मी विचारलं नाही. मी स्वतःला समजावलं की मी नीट यादी दिली नाही तर दुसरा कुणीतरी वाईट देईल. तळाच्या तिघांचे आयडी पुढच्या महिन्यात बंद झाले. त्यांतला एक माझ्या कामातल्या चुका काढणारा होता. एका रिलीजच्या आदल्या रात्री त्याने माझी मोठी चूक सगळ्यांसमोर दाखवली होती, आणि ती खरोखरच चूक होती. ज्याच्याबरोबर मी रोज डबा खायचो तो कामात त्याच्यापेक्षा यथातथाच, पण यादीत मधे होता. त्याला मधे ठेवताना मला क्षणभरही विचार करावा लागला नव्हता. चुका काढणाऱ्याचा नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे. फोन केलेला नाही.

हे डोक्यात असल्यामुळेच असेल, पण या खेपेला मी एक हिशेब मांडला : गॅलॅक्टिकावर हुकूम कुणी कुणी मोडले आणि त्यांचं काय झालं?

स्टारबक पकडलेलं शत्रूचं विमान घेऊन परस्पर निघून जाते. माफ. अडामाचा मुलगा ली वरिष्ठ अधिकाऱ्याच्या डोक्याला पिस्तूल लावतो. माफ. टाय लष्करी कायदा लागू करतो, त्याच्या शिपायांच्या गोळ्यांनी निःशस्त्र नागरिक मरतात. माफ, वर हुद्दाही कायम. हेलो शत्रूविरुद्धची मोहीम आतून उधळतो. चौकशी होत नाही. अथीना शरण आलेल्या सायलॉन नेत्या बाईला सर्वांसमोर गोळी घालते. थोडे दिवस कोठडी, मग परत विमानात. खुद्द अडामाने राष्ट्राध्यक्षांविरुद्ध सैनिक पाठवले होते. ते तर आपण विसरूनही जातो, कारण पुढे त्या दोघांचं प्रेम जमतं.

आणि गेटा? चौथ्या सीझनमध्ये सहकाऱ्याच्याच गोळीने त्याचा पाय जातो. तो आजारी खाटेवर एक उदास गाणं गात राहतो. जुलियानीचं गायनाचं शिक्षण झालेलं आहे आणि ते ऐकू येतं. ज्याने गोळी घातली तो अँडर्स सायलॉन निघतो. मग अडामा बंडखोर सायलॉनांशी युती करतो, ज्यांनी सगळं जग जाळलं त्यांचं तंत्रज्ञान प्रत्येक जहाजावर बसवायचं ठरवतो. गेटाचा सवाल साधा आहे : लोकांना कुणी विचारलं? उत्तर येत नाही, तेव्हा तो बंड करतो आणि मरतो.

फरक एवढाच की बाकीचे सगळे अडामाच्या घरचे आहेत. मुलगा, मानलेली मुलगी, जुना मित्र, लाडकी सून वाटावी अशी पायलट. ती चुकली की म्हातारा रागावतो, एखादी ठेवून देतो, मग जवळ घेतो. गेटा कामावरचा माणूस आहे. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत जसं असायचं तसं. मुलाने तिजोरीला हात घातला तर तो उनाड, दिवाणजीने घातला तर चोर. पहिल्या सीझनपासून बिनचूक आकडे सांगणाऱ्या या माणसाशी अडामा कामाखेरीज फारसं काही बोललेला मला आठवत नाही. होस्टेलवर मी स्वतःला त्या घरातलं धरून चाललो होतो, म्हणून टाळी वाजली.

मालिकेने मारलेली कल्टी

आता तक्रार. हा सवाल मालिकेनेच उभा केला आणि ऐन वेळी त्याला बगल दिली. बंडात गेटाचा साथीदार असतो झॅरेक हा राजकारणी. तो अचानक लोकप्रतिनिधींच्या सभागृहावर गोळ्या चालवायला लावतो. सगळे प्रतिनिधी ठार. झालं, त्या क्षणापासून प्रेक्षक मोकळा! अडामाने लोकांना का विचारलं नाही, याचं उत्तर द्यायची गरज उरत नाही, कारण विचारायचं ज्यांना तेच मेले, तेही बंडखोरांच्या हातून. दोन एपिसोडांचा तो थरार आजही जबरदस्त आहे, पण त्याच्या आड ही पळवाट आहे, आणि पहिल्या खेपेला मी तिच्यातूनच आरामात बाहेर पडलो होतो.

तरीही लेखकांनी गेटाला एक शेवटचा प्रसंग दिला, म्हणून त्यांना माफ करावंसं वाटतं. मरायच्या आधी तो बाल्टरबरोबर बसतो, ज्याला त्याने एकदा भोसकलं होतं त्याच बाल्टरबरोबर. लहानपणी आर्किटेक्ट व्हायचं होतं वगैरे सांगतो. आपण कोण होतो ते लोकांना कधीतरी कळावं, असं म्हणतो. बाल्टर त्याला सांगतो की मला माहीत आहे. तुटलेल्या पायाची खाज त्याला इतके दिवस छळत असते. बंदुका रोखल्या जातात तेव्हा ती थांबते आणि तो तसं पुटपुटतो, जणू शेवटचं रीडिंग देतोय. कामावरचा माणूस शेवटपर्यंत कामावर.

शेवटाबद्दलही बोललं पाहिजे, कारण चाहते अजून त्यावरून भांडतात. २००९च्या मार्चमध्ये आलेल्या शेवटच्या एपिसोडमध्ये उरलेले लोक हिरव्यागार, आदिम पृथ्वीवर पोचतात. ली म्हणतो, शहरं वसवायची नाहीत, जहाजं सूर्यात ढकलून द्यायची, साधं जगायचं. सगळे तयार. २०१०मध्ये आम्ही देवदूतांवरून आणि स्टारबकच्या अदृश्य होण्यावरून वैतागलो होतो. आता माझा राग वेगळा आहे. माझी आजी मराठवाड्यात कोरडवाहू शेती करायची. तिची दोन मुलं दवाखान्याच्या वाटेवर बैलगाडीत गेली. ‘साधं जगणं’ हा शब्द तिच्यासमोर उच्चारायची कुणाची हिंमत नव्हती. हजारो माणसं, त्यांत पोटुशा बायका आणि आजारी म्हातारे, औषधं सूर्यात फेकायला राजी झाली? त्यांना विचारलं कधी? इथेही निर्णय बाप-लेकांमध्येच होतो. गेटा असता तर त्याने मतं मोजली असती.

त्याच एपिसोडमध्ये एक गोष्ट मात्र पहिल्यापेक्षा मोठी झाली. बाल्टर हा शेतकऱ्याचा मुलगा, आपली गावाकडची बोली लपवून, घासूनपुसून मोठा झालेला. तिसऱ्या सीझनमध्ये तो एकदा मूळ उच्चारात बोलून दाखवतो, तेव्हा होस्टेलवर आम्ही हसलो होतो. मीही पुण्यात आल्यावर सहा महिन्यांत ‘करलालो’, ‘जालालो’ सोडून दिलं होतं, तरी हसलो होतो. शेवटी नव्या जमिनीकडे बघत तो म्हणतो की मला शेतीतलं कळतं, आणि रडतो. या खेपेला हसू आलं नाही.

मालिका संपली त्या रात्री मी जुन्या रूम पार्टनरला मेसेज टाकला, “गेटाचं चुकलं काय, ते आता मला सांगता येत नाहीये.” दोन निळ्या टिका आल्या. बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मग उत्तर आलं, “कोण गेटा?”

मी त्याला फोन लावला आणि अर्धा तास सांगत बसलो.